नांगर उचलायचं यंत्र आणि त्याची वायर

मागच्या जानेवारीत राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आतल्या अंगाला, पहाटे नांगर उचलताना माझी कंबर धरली. मतलई वारा सुटला होता, निघायची हीच वेळ, आणि मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, वाकलेलाच राहिलो. उरलेली साखळी हिने एकटीने ओढली. त्या दिवशी ठरवलं, आपल्या चौतीस फुटी शिडाच्या बोटीवर विजेचं विंडलास, म्हणजे नांगर उचलायचं यंत्र, बसवायचं.

हिशेब साधा आहे. आमची साखळी ८ मिमीची, मीटरला साधारण १.४ किलो. आठ मीटर पाण्यात लोंबणारी साखळी ११ किलो आणि १५ किलोचा नांगर. वर खाडीचा चिकट गाळ, आणि तळ नांगर सोडेपर्यंतची ओढ वेगळीच. म्हणून १००० वॅटची मोटर घेतली, १२ व्होल्टची.

डेक कापताना हात थरथरत होते. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो. भोकातून पाणी शिरलं की तो आतून कुजत जातो. म्हणून बोल्टची भोकं मोठी पाडली, कडेचा बाल्सा खरवडून काढला, इपॉक्सी भरलं आणि ते कडक झाल्यावर त्यातच पुन्हा मापाची भोकं पाडली. खालून जाड स्टीलची पट्टी दिली. यात दोन शनिवार-रविवार गेले. एक मिनिटही वाया गेलं असं वाटत नाही.

चूक झाली ती वायरीत. बॅटरी केबिनच्या शिडीखाली, मोटर नाळेवर, मध्ये दहा मीटर. मी दहाच मीटर धरून १६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली. पण वीज जाते तशी परतही येते, म्हणजे वीस मीटर! ओढ लागली की मोटर ९० अँपिअर खाते. तेवढ्या करंटला दोन व्होल्ट वायरीतच जिरत होते. बॅटरीवर १२.२, मोटरवर १०.२. साखळी रडतखडत वर येई आणि वायर हाताला गरम लागे.

नाळेत वेगळी बॅटरी ठेवावी, असं काहींनी सुचवलं. मला ते पटलं नाही. शिडाच्या बोटीच्या टोकाला वीस-पंचवीस किलो वाढवले की ती लाटेत नाक खुपसते. शिवाय त्या बॅटरीला चार्जिंगची सोय पुन्हा वेगळी करावी लागते. मी ५० स्क्वेअर एमएमची, कथील चढवलेली तांब्याची वायर घेतली. महाग पडली. वायरीच्या टोकांचे लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले, ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. आता मोटरवर ११.६ मिळतात. इंजिन चालू ठेवूनच बटण दाबतो, म्हणजे अल्टरनेटरचा आधार मिळतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: विंडलासने बोट ओढू नका. बोट इंजिनाने नांगरावर न्या आणि मोटरला फक्त सैल साखळी गोळा करू द्या. रात्रभराचा ताणही विंडलासवर नको. आम्ही साखळीला नायलॉनचा दोर बांधून तो क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर, घेतो. साखळीचं शेवटचं टोकही कप्प्यात दोरानेच बांधलंय, वेळ आली तर सुरीने कापता येईल असं.

परवा पुन्हा राजपुरीत होतो. पहाटे मी सुकाणूवर, ही नाळेवर, पाय बटणावर.

"अहो, अजून थोडं पुढे घ्या... बास, बास! सुटला!"

गाळाने माखलेला नांगर रोलरवर येऊन बसला, आणि आम्ही शीड चढवलं.