नियम आहे, तर रँडम कसलं?

गणपतीत गुहागरला गेले की माझ्या गणितातल्या कामाबद्दल हा प्रश्न ठरलेला: ‘नियमही म्हणतेस नि रँडमही म्हणतेस, दोन्ही एकदम कसं गो?’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

समुद्राकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी घ्या. नियम एकच: लगतच्या दोन पायऱ्यांत बरोबर एका चिऱ्याचा फरक, वर नाहीतर खाली. नियमात बसणाऱ्या यच्चयावत पाखाड्यांमधून चिठ्ठी टाकून एक निवडायची. रँडम ती चिठ्ठी, बाकी सगळं नियमात. आम्ही याला रँडम ग्राफ होमोमॉर्फिझम म्हणतो. नावाला घाबरू नका. १०० पायऱ्यांनंतर उंचीतला फरक साधारण १० चिऱ्यांचा निघतो. पाखाडी तळीभोवती फिरवून पहिल्या पायरीला जोडायची, तर पायऱ्या सम हव्यात. विषम असल्या तर चिठ्ठी टाकायला काही उरतच नाही.

अंगणभर चिरे बसवले, प्रत्येकाला चार शेजारी, नियम तोच, तर भौतिकशास्त्रातला ‘चौरस बर्फ’ (बर्फाचं सपाट, सोपं प्रारूप) होतो. गणिती भौतिकशास्त्रज्ञ एलियट लीब यांनी १९६७ साली त्याच्या रचना मोजल्या: अंगण वाढेल तशी त्यांची संख्या दर चिऱ्यामागे सुमारे १.५४ पट होते. इथे चढउतार वाढतात, पण फारच सावकाश.

खरी गंमत अनेक मितींच्या घनात. २० मितींच्या घनाला १०,४८,५७६ कोपरे. पायऱ्यांच्या जागी हे कोपरे, नि एका कडेने जोडलेले दोन कोपरे म्हणजे शेजारी. उंचीला २१ वेगळी मूल्यं घेता येतील, नियमाची काही आडकाठी नाही. पण गणितज्ञ जेफ कान यांनी २००१ मध्ये दाखवलं, की मिती कितीही वाढवल्या तरी उंच-सखलपणा सहसा ठरावीक मर्यादेतच राहतो. २००३ मध्ये गणितज्ञ डेव्हिड गॅल्विन यांनी ती मर्यादा सांगितली: मोठ्या घनात जवळजवळ नेहमी फार तर ५ मूल्यं.

सपाट राहा असं कुणी सांगितलेलं नसतं. एकाआड एक कोपरे शून्यावर ठेवले, तर उरलेले अर्धे +१ की −१, हे आपापलं ठरवू शकतात. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याच मांडणीत नाही, म्हणून चिठ्ठीत बहुतेक असलीच रचना येते. शून्यावरचा कोपरा २ वर जायचा तर त्याचे वीसही शेजारी +१ वर हवेत. इतक्या कोपऱ्यांत ते एखाद-दुसऱ्या जागी जमून जाऊ शकतं, −२ चंही तसंच. ३ गाठायला मात्र भोवतीचे १९० कोपरे एकदम वर लागतात, आणि त्या योगायोगापुढे साडेदहा लाख कोपरे म्हणजे काहीच नाहीत.