आकड्यांना गाव मिळालं: आमची वाटचाल

सांगलीत २०१२ मध्ये आम्ही काम सुरू केलं. खतं, बियाणं, ठिबकचं साहित्य, पशुखाद्य विकणारे घाऊक व्यापारी टॅलीत बिलं करत आणि महिनाअखेरीला आम्ही त्या बिलांमधून एक्सेलचे तक्ते काढून देत असू. माल कुणाकडं किती गेला, उधारी किती दिवसांची आहे, गोदामात काय पडून आहे, एवढंच. मी हिशेबाच्या बाजूची, माझे भागीदार प्रोग्रामिंगच्या बाजूचे. २०१५ मध्ये पॉवर बीआय हे आकड्यांचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं, मग तक्त्यांच्या जागी आलेख आणि डॅशबोर्ड आले. अहवाल देखणे झाले, पण वाचणारा माणूस तोच राहिला. अकाउंटंट वाचायचे आणि मालकांना तोंडी सांगायचे. मालक स्वतः अहवाल उघडायला लागले ते त्यात नकाशा आल्यावर.

ते कसं झालं हे सविस्तर सांगते, कारण आमचा पुढचा सगळा धंदा त्यातून निघाला. एका खत वितरकाकडं तालुकावार विक्रीत तासगाव कायम वर असायचा. तिथं सगळं ठीक आहे असंच सगळे धरून चालले होते. आम्ही गावनिहाय विक्री नकाशावर वर्तुळांनी दाखवली, जितकी विक्री तितकं मोठं वर्तुळ. विक्री होती ती मोठ्या रस्त्यांच्या कडेनं, आतली गावं कोरी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी एका कोऱ्या गावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ताई, हितं माझ्या बहिणीला दिलीया. सगळं शिवार द्राक्षाचं. मग हितं आपलं पोतं का उतरत न्हाई?” उत्तर त्यांच्याच विक्री प्रतिनिधीकडं होतं. त्या गावाला दुसऱ्या वितरकाची गाडी दर आठवड्याला जाते, आपली जात नाही.

तक्त्यातून हा प्रश्न कधीच निघाला नसता. ज्या गावाचं एकही बिल नाही, त्या गावाची तक्त्यात ओळच नसते. नकाशावर मात्र ते गाव असतं आणि रिकामं दिसतं. धंदा जिथं होत नाही ती जागा दाखवणं, हे नकाशाचं सर्वांत मोठं काम आहे असं मी आजही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगते.

पण नकाशावर वर्तुळ योग्य जागी पडायला गाव नक्की कोणतं ते कळावं लागतं, आणि बिलांमध्ये गावांची नावं कशी लिहिलेली असतात हे ज्यानं पाहिलंय त्यालाच त्यातलं कष्ट कळेल. नुसतं ‘कवठे’ लिहिलं तर ते कवठे महांकाळ, तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद की मिरजेकडचं कवठेपिरान? रोमन लिपीत ‘व’साठी कुणी व्ही वापरतो, कुणी डब्ल्यू. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावं असतात, पण बिल करणारा मुलगा घाईत दोन्ही गाळतो. तालुका खानापूर, पण त्याचं मुख्य ठिकाण विटा, म्हणून निम्मी बिलं ‘तालुका विटा’ अशी येतात. जिल्ह्याबाहेर पडलं की कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरमध्येही, खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशकात आणि वाशीममध्ये. आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. नुसत्या नावावरून जागा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नसतं. ते पहिलं सापडलेलं ठिकाण धरतं आणि बिनदिक्कत टिंब मारून मोकळं होतं.

अशा वेळी बरेच जण पिनकोडकडं वळतात. पिनकोड ही फार मोठी व्यवस्था आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली आणि तिच्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर हा आपला मराठी माणूस होता, याचा मला अभिमान आहे. पण ती टपाल वाटण्यासाठी आखलेली आहे, तिला जिल्ह्याच्या हद्दीशी देणंघेणं नाही. सांगली शहर ४१६४१६, जत ४१६४०४, तर याच जिल्ह्यातलं विटा ४१५३११ आणि शिराळा ४१५४०८. पहिल्या तीन अंकांवर विक्रीची बेरीज केली, तर विटा साताऱ्याबरोबर आणि रत्नागिरीबरोबर जातं आणि सांगली शहर सावंतवाडीबरोबर. अहवालात ही बेरीज अगदी बरोबर दिसते, म्हणून ती जास्त घातक.

त्यामुळं आम्ही गावांची स्वतःची नोंदवही बांधायला घेतली. महाराष्ट्रात ४० हजारांहून जास्त गावं आहेत. प्रत्येक गावाला २०११ च्या जनगणनेचा संकेतांक, केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक आणि बिलांमध्ये आजवर सापडलेली त्याची सगळी लेखनं जोडली. नवं लेखन आलं की यंत्र दोन-तीन शक्यता सुचवतं आणि निर्णय माणूस घेतो. आमच्याकडच्या दोघी मुली हे काम करतात. एक जतची, एक वाळवा तालुक्यातली. एखादा दुकानदार कोणत्या कवठ्याचा असेल हे त्या बिलातला माल बघूनही ओळखतात.

ही नोंदवही कधी पूर्ण होत नाही. २०११ च्या हद्दींचा नकाशा घेतला तर त्यात महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. मग छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी नावं बदलली. जुनी बिलं जुन्या नावानं, नवी नव्या नावानं. संकेतांक जोडलेला असेल तर दहा वर्षांची विक्री एका रेषेत दिसते, नाही तर नाव बदललेल्या वर्षी एका जिल्ह्याचा धंदा बुडालेला आणि दुसऱ्याचा अचानक उगवलेला दिसतो.

तंत्राचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला आम्ही गूगलचा नकाशा वापरत होतो. जुलै २०१८ मध्ये त्याची दररचना बदलली, तेव्हा आम्ही लीफलेट आणि लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाकडं वळलो. लीफलेट ही वेबपानावर नकाशा दाखवणारी मुक्त प्रणाली २०११ मध्ये युक्रेनच्या व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी लिहिली. ती इतकी हलकी आहे की खेड्यातल्या फोनवरही पटकन उघडते. ओपनस्ट्रीटमॅपचा सार्वजनिक सर्व्हर धंद्याच्या भरमसाट वापरासाठी नाही, म्हणून नकाशाचे तुकडे आम्ही आमच्याच सर्व्हरवरून देतो आणि श्रेयाची ओळ प्रत्येक अहवालात ठेवतो. गावांच्या हद्दींची मूळ फाइल फार जड असते. मॅपशेपर या हद्दी सोप्या करणाऱ्या साधनानं ती हलकी करताना शेजारच्या दोन गावांमधली सामाईक हद्द दोन्हीकडं सारखीच वाकते, मध्ये फट पडत नाही. पॉवर बीआय वापरणाऱ्यांना हीच हद्द टोपोजेसन या नकाशाच्या फाइल-स्वरूपात देतो. ग्राहकानं पाठवलेल्या जागा आधी तपासून घेतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर सांगलीचं दुकान नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात जाऊन पडतं.

मालक अहवाल फोनवरच बघतात. माउस नुसता वर नेल्यावर उमटणारी माहिती फोनवर निरुपयोगी, म्हणून आमच्याकडं सगळं बोटानं दाबून चालतं. तालुक्यावर बोट दाबलं की खालची दुकानदारांची यादी, उधारी आणि महिन्याचा आलेख त्या तालुक्यापुरता होतो.

रंगांबद्दल मी हट्टी आहे. एकूण विक्रीवर तालुके रंगवायला आम्ही नकार देतो. अहिल्यानगर जिल्हा सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा आणि मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा. नुसत्या रंगात डोळा मोठ्या आकाराकडंच जातो. आमच्या जिल्ह्यात जत सगळ्यांत मोठा तालुका. तो गडद दिसला की तिथं धंदा जोरात असल्यासारखं वाटतं. म्हणून एकूण विक्री वर्तुळांत, आणि रंग फक्त प्रमाणाला: पिकाखालच्या हेक्टरमागं किती पोती. दुसरं, रंगांचे टप्पे दर महिन्याला आपोआप बदलू देत नाही. ते वर्षासाठी ठरवून टाकतो. नाही तर विक्री तेवढीच असताना गाव फिकट होतं आणि विक्री प्रतिनिधीला विनाकारण बोलणी बसतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं या कामाचं मोल मला दाखवलं. कृष्णाकाठची गावंच्या गावं पाण्यात होती. एका ग्राहकाच्या उधारीचा नकाशा आधीपासून तयार होता, त्यावर पाण्याखालच्या गावांची यादी चढवली. कोणाचं गोदाम भिजलं असणार आणि कोणाकडं वसुलीसाठी फोन करायचा नाही, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. मुदतवाढीची यादी त्या नकाशावरून झाली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं, तेव्हा पूरगावांचा तो थर तयार ठेवलेला होता.

पुरानंतर अंतराचा प्रश्नही गंभीरपणे हाती घेतला. कृष्णेच्या दोन काठांवरची गावं नकाशावर समोरासमोर असतात, पण पूल लांब असेल तर गाडीला मोठा वळसा. गोदामाभोवती गोल काढून विभाग वाटणं आम्ही बंद केलं. आता रस्त्यानं किती वेळ लागतो त्यावर विभाग पाडतो.

हद्दींचं एक सांगायलाच हवं. जतच्या व्यापाऱ्याचा माल अथणीला आणि विजयपुराला जातो. महाराष्ट्रापुरता नकाशा केला तर त्याचा अर्धा धंदा गायब. म्हणून सीमेपलीकडचे तालुकेही नोंदवहीत घेतले. आणि देशाची सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवली पाहिजे. तसं न करणं हा फौजदारी कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. परदेशी पायाभूत नकाशांत काश्मीरची रेघ कधी तुटक असते, कधी वेगळीच. आम्ही ती झाकून अधिकृत रेघ वर ठेवतो. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना नकाशाच्या कामासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्या काढून टाकल्या, त्यामुळं आमच्यासारख्या लहान फर्मना मोकळीक मिळाली. ही सीमेची जबाबदारी मात्र तशीच आहे.

सगळ्यांना नकाशा लागतो असं नाही. एकाच बाजारपेठेत चार दुकानं असलेल्या सराफाला आम्ही साधा तक्ता दिला आणि नकाशाचे पैसे घेतले नाहीत.

यंदापासून कामाच्या अटींत एक बदल केला आहे. नकाशाबरोबर ग्राहकाच्या दुकानदारांची तपासलेली गावयादी, संकेतांकांसह, त्याच्या नावानं त्याच्या हाती देतो. उद्या त्यानं दुसऱ्या कुणाकडून अहवाल करून घेतले तरी ती त्याचीच राहील. भागीदारांना आधी हे पटलं नव्हतं. पण त्या यादीतलं गाव ना गाव त्याच्याच माणसांनी फिरून विकलेल्या मालाचं आहे, आणि ती आमच्याकडं अडकवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.