आईचं पीएफचं पेन्शन आणि माहेरच्या नावाचा घोळ – माझा अनुभव

कुणी तुम्हाला सांगितलं की तुमचं पेन्शन बसत नाही, १०सी (पेन्शनच्या खात्यातले पैसे काढायचा फॉर्म) भरा आणि पैसे काढून मोकळे व्हा, तर आधी थांबा आणि जुन्या सगळ्या नोकऱ्या मोजा. पीएफची कामं करून देणाऱ्या एका दुकानात आमच्या आईला हेच सांगितलं होतं. नशीब तिने सही केली नाही.

आई १९८८ पासून ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. तेव्हा लग्न झालं नव्हतं म्हणून पीएफला माहेरचं नाव. लग्नानंतर कंपनीच्या हजेरीत नाव बदललं, पगाराच्या स्लिपवर बदललं, पीएफमध्ये मात्र कुणी बदललंच नाही. २०१६ ला कंपनीने प्लांट गुजरातला नेला, मग २०१७ ला आई वागळे इस्टेटला एका छोट्या युनिटमध्ये लागली, त्यांनी आधार बघून सासरच्या नावाने नवीन यूएएन (पीएफचा कायमचा नंबर, नोकरी बदलली तरी एकच राहायला हवा) काढून दिला. म्हणजे बाई एक, यूएएन दोन, नावं दोन. ५८ पूर्ण झाल्यावर बघायला गेलो तर सिस्टिमला फक्त आठ वर्षं दिसतात.

नियम असा आहे की ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेत, १० वर्षं सेवा लागते (साडेनऊ झाली असतील तरी १० धरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं) आणि वय ५८. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी ४ टक्के कापतात. आठ वर्षांवर पेन्शन नाहीच, फक्त पैसे काढता येतात, आणि काढले की ती सेवा गेली.

तर जुना यूएएन नव्याला जोडायचा, त्यासाठी जुन्यातलं नाव बदलायचं, आणि आमची गाडी अडकली ती इथे. १ ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा यूएएन, त्याला आधार जोडलेलं नाही, त्यामुळे घरबसल्या बदल होत नाही. कागदी जॉइंट डिक्लेरेशन फॉर्म (कामगार आणि कंपनी दोघांनी मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज), त्यावर जुन्या कंपनीची सही आणि शिक्का. लग्नाचा दाखला, आधार, पॅन सगळं जोडून मी तयार होते, फक्त सही हवी होती!

कंपनीचं ऑफिस अजून नवी मुंबईत आहे, चांगली काचेची बिल्डिंग आहे. पण तिथे कुणी दाद देईना. मेल टाका म्हणाले, टाकला. उत्तर नाही. सही करणाऱ्या मॅडम सुट्टीवर. मग म्हणे त्या काळातलं रेकॉर्ड प्लांटबरोबर गुजरातला गेलं. मग म्हणे या नावाची कुणी बाई आमच्याकडे नव्हतीच, म्हणजे सासरच्या नावाने शोधलं, अहो पण घोळ तोच तर आहे ना, म्हणून तर फॉर्म आणलाय! एकदा तर आईला गेटवरच उभं ठेवलं, अपॉइंटमेंट नाही म्हणून. जिने अठ्ठावीस वर्षं तुमच्या गोळ्यांची खोकी भरली तिला तुम्ही बसायला खुर्ची देत नाही. मला अजून राग आहे आणि तो जाणार नाही.

गंमत बघा, कंपनी बंद पडली असती तर काम सोपं होतं. बंद कंपनीच्या बाबतीत राजपत्रित अधिकारी वगैरेंची सही चालते. पण कंपनी कागदोपत्री चालू, त्यामुळे सही त्यांचीच पाहिजे.

शेवटी दोन गोष्टींनी काम झालं. एक, ईपीएफआयजीएमएस या पीएफ ऑफिसच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, त्यात कंपनीचा कोड आणि आम्ही केलेल्या प्रत्येक मेलची तारीख लिहिली. दुसरी, महिन्याच्या २७ तारखेला पीएफ ऑफिसचं ‘निधी आपके निकट’ हे तक्रारी ऐकण्याचं शिबिर असतं, तिथे तक्रारीचा नंबर घेऊन गेले. आईने जुन्या पीएफच्या वार्षिक स्लिपा जपून ठेवल्या होत्या, लग्नाआधीच्या आणि नंतरच्या, नंबर एकच. तिथल्या साहेबांनी त्या शांतपणे बघितल्या आणि कंपनीला पत्र काढलं. मग काय, ज्या मॅडम कधी जागेवर नसायच्या त्यांचाच फोन आला, फॉर्म घेऊन या म्हणून. सही मिळाली त्या दिवशी आई ऐरोली स्टेशनपर्यंत एक शब्द बोलली नाही, नुसती फाइल धरून होती.

पुढे नाव बदललं, ट्रान्सफर झाली, १०डी (पेन्शनचा अर्ज) भरला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आला. यात सांगण्यासारखं काही नाही.

हो, १०डी मध्ये कुटुंबाची माहिती नीट भरा. माझा धाकटा भाऊ दिव्यांग आहे, त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि सर्टिफिकेट आम्ही जोडलं. एरवी पेन्शनरच्या पश्चात मुलांना २५ वर्षांपर्यंतच पेन्शन मिळतं, पण पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही, त्याला आयुष्यभर मिळतं. माझ्यासाठी या सगळ्या धडपडीतली हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती. आणि कुणाला नोकरीत असतानाच असं अपंगत्व आलं तर १० वर्षांची अट लागत नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी अर्ज करता येतो, मेडिकल बोर्डासमोर तपासणी होते. कंपनीवाले हे स्वतःहून सांगत नाहीत.

रकमेचा अंदाज नेटवरच्या कॅल्क्युलेटरवरून बांधू नका. सूत्र सरासरी पगार गुणिले सेवा भागिले ७० असंच आहे, पण १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला महिन्याच्या पगाराची मर्यादा ६,५०० रुपये आणि नंतरच्याला १५,००० रुपये, आणि १६ नोव्हेंबर १९९५ च्या आधीची नोकरी असेल तर तिचा हिशोब वेगळ्या कोष्टकाने. २० वर्षं पूर्ण असतील तर दोन वर्षं जास्तीची धरतात, ती धरलीत का ते पीपीओ आल्यावर तपासा.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायला पाहिजे असं नाही, वर्षात कधीही द्या, त्या तारखेपासून १२ महिने चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. आईचा मी घरीच केला, चष्मा काढून आणि खिडकीसमोर बसवून, बोटांचे ठसे तिचे आता उमटत नाहीत.