पणजोबांची जन्मनोंद: तारीख पक्की, माणूस कच्चा

भावकीच्या धाकट्या पातीचं काम या पावसाळ्यात बरंच पुढं सरकलं. पणजोबांची पिढी ग्रॅम्प्समध्ये, म्हणजे वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढली. त्यातल्या एका जन्मनोंदीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तिच्यात शिकण्यासारखं बरंच निघालं, म्हणून ती सविस्तर लिहितो.

पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १८९७ आहे. जुन्या माणसांचा १ जून म्हणजे काय हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरायची, पोरगं केवढं दिसतंय ते बघून गुरुजी साल धरायचे आणि तारीख १ जून लावायचे. त्यामुळं दाखल्यावरचं जसंच्या तसं मी वेगळ्या, पर्यायी जन्मनोंदीत ठेवलं. मुख्य नोंदीत नुसतं साल, प्रकार ‘अबाउट’ (सुमारे), दर्जा ‘एस्टिमेटेड’ (अंदाजे). पुढं नोकरीच्या कागदावर आणि मतदार यादीतही वय याच तारखेवरून धरलेलं आहे. कागद तीन असले तरी साक्षीदार एकच, तो म्हणजे दाखला. तिघांचं जुळतंय म्हणून सायटेशनचा (पुराव्याच्या संदर्भाचा) कॉन्फिडन्स, म्हणजे खात्रीची पायरी, वाढवायचा नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

‘अबाउट’ वापरणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर बघावं. शोधताना आणि गाळणी (फिल्टर) लावताना ग्रॅम्प्स ‘अबाउट’चा अर्थ मागंपुढं ५० वर्षं असा धरतो. एवढ्यात दोन पिढ्या बसतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मी तो आकडा ५ वर आणला.

मग ट्रंकेच्या तळाशी जन्मटिपण सापडलं. मोडीतलं, घडीवर फाटलेलं. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी लावून दिलं: ‘विलंबी नाम संवत्सरे, माघ’, पुढं बापाचं नाव आणि ‘पुत्र जाहला’. शकाचा आकडा फाटलेल्या भागात गेला, मुलाचं नाव मुळात लिहिलेलंच नाही. पण संवत्सराचं नाव असलं की शक परत मिळवता येतो. साठ संवत्सरांचं चक्र फिरत राहतं, त्यामुळं विलंबी शके १७६०, १८२० आणि १८८० ला येतो. बापाच्या वयाचा विचार करता मधलाच बसतो. इंग्रजी सालासाठी शकात एरवी ७८ मिळवतात, पण माघ इंग्रजी वर्ष पालटल्यावर येतो म्हणून इथं ७९. म्हणजे फेब्रुवारी-मार्च १८९९. ग्रॅम्प्सच्या पंचांगांच्या यादीत इस्लामी, पर्शियन, हिब्रू सगळी आहेत, शालिवाहन शक नाही. त्यामुळं तारखेच्या खान्यात इंग्रजी ‘रेंज’, दर्जा ‘कॅल्क्युलेटेड’ (हिशेबानं काढलेली), आणि मूळ शब्द सायटेशनच्या टिपेत. इथं ‘स्पॅन’ घेऊ नका. ‘रेंज’ म्हणजे या मुदतीत कधीतरी एकदा घडलं. ‘स्पॅन’ म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालू होतं. जन्माला ‘स्पॅन’ लावलेल्या फायली बऱ्याच बघितल्यात.

तारीख अशी एका महिन्याच्या मुदतीत आली. प्रश्न उरला, हा पुत्र कोण? आमच्या थोरल्या आत्तींना विचारलं. त्या म्हणाल्या, “प्लेगात माळावर झोपड्या घातल्या हुत्या, तवा म्हातारीला पोर झालं म्हणायचे. पर त्ये तुझं पणजोबा का त्यास्नी मागचं, जे गेलं त्ये, ह्ये न्हाई बाबा सांगता यायचं.” मुंबईत प्लेग १८९६ ला आला आणि मग आपल्या भागात तो वरचेवर येत राहिला, त्यामुळं नुसत्या प्लेगवरून साल ठरत नाही. पण एक मूल लहानपणीच गेलं होतं, ही नवी माहिती मिळाली. ती आत्तींच्या शब्दांतच नोंदवली, कॉन्फिडन्स ‘लो’.

आता टिपण पणजोबांना चिकटवून मोकळं व्हावं असा मोह होतो. मी तसं केलेलं नाही. तारखेची शंका दाखवायला सॉफ्टवेअरमध्ये हवी तेवढी सोय आहे. ‘हाच तो माणूस का’ या शंकेसाठी मात्र तयार खाना नाही. मी बापाखाली बिननावाचा एक मुलगा उघडला, टिपणातला जन्म त्याला दिला, आणि असोसिएशनमधून (दोन माणसांचा संबंध नोंदवायच्या सोयीतून) त्याला पणजोबांशी जोडलं. नात्याच्या जागी लिहिलं ‘कदाचित हाच’, वर ‘ओळख पटायची’ हा टॅग. दोन माणसं एक करणं ग्रॅम्प्समध्ये चुटकीसरशी होतं, पण फाईल बंद केली की ते मागं घेता येत नाही. कोतवाल बुकातल्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या) जन्मनोंदींतही अनेकदा नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच असतं. त्यांनाही हीच रीत चालेल.

दत्तकाचं त्या मानानं सोपं आहे, कारण एका माणसाला दोन घरं देता येतात आणि प्रत्येक नात्याचा प्रकार वेगळा लिहिता येतो. सरावासाठी शाहू महाराजांची नोंद करून बघा. १८७४ चा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात, १८८४ ला करवीरच्या गादीवर दत्तक. जन्मदाते एका कुटुंबात ‘बर्थ’ म्हणून, आनंदीबाई राणीसाहेब दुसऱ्यात ‘अडॉप्टेड’ म्हणून. सगळं माहीत असलेल्या माणसावर हात बसला की आपल्या घरातले दत्तक नीट चढतात.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला फाईल देताना ती जेडकॉम (वंशावळीच्या सॉफ्टवेअरांतला देवाणघेवाणीचा साचा) करावी लागते. तिथं खात्रीच्या पायऱ्या ० ते ३ अशा चारच, ग्रॅम्प्सच्या पाच. पायऱ्या एकास एक जुळत नाहीत, म्हणून शंका का आहे ते मी टिपेत मराठीतून लिहूनच ठेवतो.

यापुढचं काम हेळव्यांच्या, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांच्या वहीचं. सुगीनंतर ते गावात येतात. त्यांच्याकडं आमच्या घराची पिढीवार नोंद आहे असं आत्ती सांगतात. बिननावाच्या मुलाला तिथं नाव मिळालं तर दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून बघेन. तोवर एक विचारायचंय: ‘कदाचित हाच’साठी तुम्ही असोसिएशनमध्ये कोणता शब्द वापरता? सगळ्यांनी एकच धरला तर फायली जोडताना गाळणी एकदाच लावावी लागेल.