जुन्या बाजारातला एकटा पट्टा

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालं की खंबाटकीचा बोगदा ओलांडता ओलांडता उजाडतं. स्वारगेटला चहालाही न थांबता थेट मंगळवार पेठ गाठायची, हा माझा नेम. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि कापडी माल सकाळीच बघावा. ऊन चढलं की खाकीच्या सगळ्या छटा एकसारख्या दिसायला लागतात.

मी शोधते ते दुसऱ्या महायुद्धातलं सैनिकांचं जाड सुती सामान. पट्टे, काडतुसांचे पाऊच, हॅवरसॅक म्हणजे सामानाची कापडी झोळी, पाण्याच्या बाटलीची खोळ. त्यातही हिंदुस्थानात बनलेलं. ब्रिटिश फौजेने ठरवून दिलेल्या या संचाला '१९३७ पॅटर्न' म्हणतात. नमुना एकच, पण तो कॅनडात, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडेही बनला. सरकारी मालावर बाणाचा शिक्का असायचा. कॅनडाचा बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात, दक्षिण आफ्रिकेचा यू अक्षरात, ऑस्ट्रेलियाचा दोन डींच्या मधोमध. आपल्या मालावर बाणाच्या जोडीला आय.

त्या रविवारी पाने, पितळी नळ आणि मोडक्या पंख्यांच्या ढिगाशेजारी ताडपत्रीवर एक पट्टा गुंडाळी करून ठेवलेला दिसला. उचलला तेव्हाच हाताला कळलं, हा खांद्यावरचा पट्टा आहे.

"ताई, जीपचा पट्टा आहे तो. सामान बांधायचा," दुकानदार म्हणाला.

मी तो पूर्ण उलगडला. दोन्ही टोकं एक इंच रुंद, मधला खांद्यावर येणारा भाग दोन इंच. विलायती पट्ट्यात ही रुंदी मागावरच वाढवत नेलेली असते. एक इंचाचं विणकाम हळूहळू दोन इंच होतं आणि पुन्हा निमुळतं होतं. कुठे जोड नाही. माझ्या हातातल्या पट्ट्यात मात्र रुंद तुकडा वेगळा होता आणि त्याला अरुंद पट्ट्या शिवून जोडल्या होत्या. शिवण दुहेरी, एका बाजूला थोडी तिरकी गेलेली, जिथे जोड संपतो तिथे धागा उलट फिरवून पक्का केलेला. वीण सैल, सूत जाडंभरडं. वजन वाहताना सगळा ताण याच जोडावर यायचा. ऐंशी वर्षांनंतरही तो उसवलेला नाही.

बरेच संग्राहक असला माल बाजूला सारतात. विलायती पट्टा गुळगुळीत, एकसंध, म्हणून तो चांगला. आपला ओबडधोबड, म्हणून दुय्यम. मला हे मुळीच पटत नाही. ज्या कारागिराकडे तसा माग नव्हता, त्याने तेच काम शिवणीवर निभावून नेलं. या जोडात त्याचं डोकं दिसतं, हात दिसतो.

शिक्का मात्र दिसेना. शिपाई या कापडाला ब्लँकोचा, म्हणजे कापड रंगवायच्या भुकटीचा, लेप लावायचे. वर्षानुवर्षांचे थर शाईवर बसतात. म्हणून असा माल घरी नेऊन धुऊ नये, हे मी प्रत्येक नवख्याला कळकळीने सांगते. साबणाबरोबर लेप जातो आणि शाईही जाते. मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा टोकाच्या पितळी पत्र्याजवळ बाण उमटला. खाली आय. वर्ष वाचता आलं नाही.

तीनशे सांगितले, दोनशे वीसला दिला.

परतण्याआधी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या खुणा तिथे आहेत. पांढरे दगड, त्यांवर पलटण, नाव आणि बऱ्याच ठिकाणी वय. हिरवळ नुकतीच भिजवलेली होती. पट्टा पिशवीत होता. तिथे तो बाहेर काढावासा वाटला नाही. खांदा कसा असेल, एवढंच मनात येत राहिलं.

संध्याकाळी स्वारगेटला गाडीची वाट बघत बसल्यावर पुन्हा उलगडला, तेव्हा सकाळी घाईत नीट न पाहिलेली गोष्ट लक्षात आली. या पट्ट्याला पाठीकडच्या बाजूला एक आडवा लूप आहे. खांद्याचे पट्टे जोडीने येतात आणि पाठीवर एकमेकांना छेद देतात. एकाला लूप असतो, दुसरा त्यातून ओवायचा. माझ्याकडे लूपवाला आला होता. ओवायचा तो नव्हता.

दुकानदाराला फोन लावला. तो जरा थांबून म्हणाला, "ताई, दुसरा आहे ना. घरी पत्र्यावरची ताडपत्री बांधलीय त्याने. पावसाळ्यापासून तिथंच आहे."

"तो कापू नका. धुऊही नका. मी बदली चांगला नायलॉनचा दोर आणते."

"बुधवारी या मग."

बुधवारचं पहाटेचं तिकीट मी तिथेच काढलं.