कूलरच्या अ‍ॅल्युमिनियम पाट्या आणि पट्ट्यांचं फिनिश: माझा अनुभव

जळगाव-धुळ्याकडे कूलरची मागणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) बरीच आधी सुरू होते. म्हणून पाटी आणि पट्टीचं अ‍ॅनोडायझिंगचं (अ‍ॅसिडच्या टाकीत करंट सोडून धातूवर ऑक्साइडचा थर चढवायचं) काम जानेवारीतच जॉबवर्कला टाकलेलं बरं. आम्हाला दोन वस्तू हव्या होत्या: नावाची १२० बाय ४० मिलिमीटरची पाटी, आणि पुढच्या जाळीभोवती फिरणारी १५ मिलिमीटर रुंद पट्टी. शेड कार्ड सगळेच आधी मागतात. आम्ही आधी धातूचा ग्रेड पक्का केला.

पाटीला ११०० ग्रेडचा ०.८ मिलिमीटर पत्रा घेतला, अक्षरं उठावदार करायला तो मऊ पडतो. पट्टी मात्र ६०६३ च्या एक्स्ट्रूजनची (साच्यातून दाबून काढलेली). हे दोन ग्रेड एकाच टाकीत, एकाच वेळी सोनेरी केले तरी शेजारी लावल्यावर शेड जुळत नाही, कारण मिश्रधातू बदलला की ऑक्साइडचा थर आणि त्यात रंग शिरण्याचं प्रमाण दोन्ही बदलतं. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पट्टी चंदेरी मॅट आणि पाटी काळी ठेवली, म्हणजे शेड जुळवण्याचा प्रश्नच मिटला. डाय-कास्ट नॉबला तर अ‍ॅनोडायझिंगच्या वाटेला जाऊ नये. त्यातलं सिलिकॉन करडे डाग सोडतं. त्याला पावडर कोटिंग करून मोकळं व्हावं.

हेअरलाइन ब्रश (पत्र्यावर बारीक समांतर रेघा काढणं), कटिंग आणि एम्बॉसिंग हे सगळं अ‍ॅनोडायझिंगच्या आधी उरकायचं. थर ठिसूळ असतो, नंतर वाकवलं की बारीक पांढऱ्या भेगा दिसतात. पत्रा वाचवायला काही पाट्या आडव्या, काही उभ्या कापल्या तर ब्रशच्या रेघा फिरतात आणि दुकानात रांगेत ठेवलेले कूलर वेगवेगळ्या रंगाचे वाटतात. थोडा पत्रा वाया गेला तरी चालेल, दिशा एकच हवी.

आता टाकी. आधी ग्रीस काढणं, मग लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोड्यामध्ये ५५ अंशाला एक-दोन मिनिटं. जास्त ठेवलं तर ब्रशच्या रेघाच खाल्ल्या जातात. मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये काळपट थर काढून मुख्य टाकीत: लिटरला १८० ग्रॅम सल्फ्युरिक अ‍ॅसिड, तापमान १८ ते २२ अंश, चौरस डेसिमीटरला १.५ अँपिअर. या करंटला मिनिटाला साधारण ०.४५ मायक्रॉन थर चढतो. काळ्या रंगाला १५ मायक्रॉन लागतात, म्हणजे ३३ मिनिटं. करंट काढताना पाटीच्या दोन्ही बाजू धरायच्या: एका पाटीचे ०.९६ चौरस डेसिमीटर, शंभर पाट्यांच्या जिगला (टाकीत माल टांगायच्या चौकटीला) १४५ अँपिअरच्या आसपास. एकच बाजू धरली की थर निम्माच येतो, आणि तसा काळा रंग उन्हात लवकर तपकिरी होतो.

खानदेशात खरी गोम तापमानाची. मे महिन्यात पारा ४३-४४ वर, त्यात टाकी स्वतःही तापते. चिलर (टाकी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर अ‍ॅसिड थर चढवता चढवता विरघळवतंही, आणि पाटीवर बोट फिरवलं की खडूसारखी पूड हाताला लागते. कुणी ‘बर्फ टाकून भागवतो’ म्हणालं तर काम देऊ नये.

रंगाच्या टाकीत लिटरला १० ग्रॅम काळा डाय, ५५ ते ६० अंश, १५ मिनिटं. मग सीलिंग, म्हणजे थरातली बारीक छिद्रं बंद करणं, आणि इथे घाई सगळ्यात जास्त होते. उकळतं पाणी ९६ अंशांच्या वर, पीएच ६ च्या आसपास, मायक्रॉनला ३ मिनिटं; १५ मायक्रॉनला पाऊण तास. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर पाटीवर पांढरी भुकटी धरते, सिलिकेट असेल तर छिद्रं नीट बंदच होत नाहीत. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच हवं.

अक्षरं चमकती हवी होती म्हणून डायमंड कट घेतला. उठावदार अक्षरांचा माथा हिऱ्याच्या टूलने तासला की काळ्यातून आरशासारखा धातू निघतो. पण तो उघडा असतो, कूलरच्या पाण्याच्या शिंतोड्यांनी लवकर करडा पडतो. वरून लॅकर (पारदर्शक वार्निश) मारणं स्वस्त पडतं, तरी आम्ही दुसऱ्यांदा ५ मायक्रॉनचं बिनरंगी अ‍ॅनोडायझिंग निवडलं. पहिला थर पूर्ण सील असेल तर काळा रंग उतरत नाही आणि करंट फक्त तासलेल्या जागी जातो. मात्र थर वीज जाऊ देत नाही, म्हणून पाटीला एक जादा कान ठेवायचा, तो खरवडून जिगची पकड तिथे घ्यायची आणि शेवटी प्रेसवर तोडून टाकायचा. तुटलेली कड पॅनेलच्या खाचेत लपते.

माल आला की प्रत्येक लॉटमधल्या चार-पाच पाट्यांच्या थराची जाडी एडी करंट गेजवर मोजावी. सीलिंग तपासायला पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन घासावं. कापड काळं झालं तर सीलिंग कच्चं, लॉट परत. शेडसाठी सर्वात फिका आणि सर्वात गडद असे दोन नमुने दोघांच्या सहीने ठेवावेत, मग वाद तोंडी राहत नाही.

पाटी चिकटवताना थ्रीएमची ४६८ एमपी ही दुहेरी चिकट टेप धातूवर चांगली धरते, पावडर कोटिंग आणि पॉलिप्रोपिलीनवर तेवढी नाही. पृष्ठभाग २१ ते ३८ अंशांत हवा: जानेवारीच्या सकाळी गारठलेल्या आणि मेच्या दुपारी उन्हात तापलेल्या, दोन्ही पॅनेलवर ती दगा देते. पूर्ण पकडीला ७२ तास जातात, तोवर खोके गाडीत भरू नयेत. पट्टीचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, नायलॉन वॉशरसह. वर तांब्याची नळी असेल तर तिचं ठिबकणारं पाणी पट्टीवर येता कामा नये, त्याने खड्डे पडतात.

गिऱ्हाईक मात्र क्षार काढायला संडासचं अ‍ॅसिड वापरतं, त्याने थर थेट खाल्ला जातो. म्हणून खोक्यातल्या कागदावर ठळक छापून घेतलं: पाटी-पट्टी ओल्या फडक्याने पुसा, अ‍ॅसिड आणि कॉस्टिक लावू नका.