तुम्ही विचारलंत म्हणून: जीप ६ व्होल्टवरून १२ वर न्यावी का?

आमच्या विलिस जीपचं बॉनेट कुठेही उघडलं की कोणीतरी विचारतंच, १२ व्होल्ट केलीत का हो, आणि मग लगेच, आमची पण करू का?

गाडी दुसऱ्या महायुद्धातली, आजोबांनी डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या सामानाच्या विक्रीतून, घेतलेली, मूळची ६ व्होल्टची. माझं आधी एवढंच म्हणणं असतं की घाई करू नका. हेडलाइट पिवळट, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कण्हत फिरतो, म्हणून सगळे ६ व्होल्टला नावं ठेवतात, पण नवी असताना हीच गाडी याच ६ व्होल्टवर कडाक्याच्या थंडीत स्टार्ट व्हायची ना! मी मीटर लावला तर बॅटरीवर ६.२ आणि हेडलाइटच्या कनेक्टरवर ४.९, म्हणजे सव्वा व्होल्टच्या वर वाटेतच, गंजलेल्या जोडांत आणि रंगाखाली गेलेल्या अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत जातो, ती जोडणी) जात होता. व्होल्टेज वीस टक्के पडलं तर बल्बचा उजेड निम्म्याहून खाली येतो. त्यात बॅटरीची केबल कोणीतरी आजकालच्या गाडीची, बारीक, बसवलेली. तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टवर दुप्पट अँपिअर लागतात, ४५ वॅटच्या दिव्याला साडेसात, १२ वर पावणेचार, मग बारीक केबल कशी पुरणार? चेसिस घासून पत्रा उघडा केला, इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी नवी टाकली, जाड केबल घातली आणि सेल्फ असा फिरला की बाबा हातातला पेपर टाकून बाहेर आले.

तरी दोन वर्षांनी १२ केलीच. पावसाळ्यात रात्री घाट उतरायचा तर जादा दिवे हवेत, आणि त्या मापाची ६ व्होल्टची बॅटरी ऑर्डर देऊन आठवडेच्या आठवडे थांबावं लागायचं.

करणार असाल तर कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी जादा व्होल्टेज देणारी गुंडाळी, विसरू नका. आमच्या इलेक्ट्रिशियनने जुनीच ठेवली, ती इतकी तापली की हात लावता येईना, आणि पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क) जळून गाडी रस्त्यातच बसली. १२ ची कॉइल घाला, नाहीतर जुन्या कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा रोध. बल्ब सगळे बदलायचे, हॉर्नही, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर लावायचा. ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे काटे आमच्याकडे मेकॅनिकल आहेत, त्यांना फरक पडत नाही, अँमीटरलाही नाही. मूळ वायरिंग चांगलं असेल तर राहू दे, करंट निम्मा झाल्यावर त्याला आरामच आहे. सेल्फ जुनाच चालतो पण जोरात फिरतो, म्हणून बटण जास्त वेळ दाबून धरायचं नाही, सेल्फ तापतो; आणि जोराच्या धक्क्याने रिंग गिअरचे (सेल्फ ज्यात अडकून इंजिन फिरवतो त्या चाकाचे) दातही जाऊ शकतात.

आणि अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक चेसिसला जोडलंय, ते आधी बघा. विलिसला निगेटिव्ह आहे, पण त्या काळातल्या फोर्ड कार पॉझिटिव्ह अर्थच्या, तिथे न बघता डायनमोच्या जागी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं नव्या पद्धतीचं यंत्र) जोडला तर त्याच्या आतले डायोड गेलेच.

आमचा मूळ डायनमो आणि रेग्युलेटर ग्रीस लावून आजोबांच्या ट्रंकेत ठेवलाय. मूळची एकही वायर कापलेली नाही, उद्या परत ६ वर न्यायची म्हटली तर एका दिवसाचं काम आहे.